जास्तीची ताकद

दिवसा माझं पाऊल माझं ऐकत नाही. वर उचल म्हटलं तर जेमतेम थरथरतं आणि पुन्हा लोंबतं. म्हणून चालताना मला गुडघाच अंमळ जास्त उचलावा लागतो, नाहीतर बोटं उंबऱ्याला, सतरंजीच्या काठाला, कधी कधी तर सपाट फरशीलाही अडकतात. रात्री अडीच-तीनच्या सुमाराला मात्र हेच पाऊल असं काही आवळलं जातं, की धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी जोर लावला तरी बोटं उलगडत नाहीत. तळव्याची कमान मुळातच हवी त्याहून उंच, ती आणखी चढते. चार बोटं तळव्याकडे वळतात, अंगठा एकटाच भलत्या दिशेला ताठ उभा राहतो. मग पोटरीची पाळी. एरवी माझ्या पोटरीत बघण्यासारखं काही उरलेलं नाही, पण त्या दोन-तीन मिनिटांत कातडीखाली स्नायू कुठून निघतो आणि कुठे संपतो ते कुणालाही बोटाने दाखवता येईल.

एवढी ताकद या पायात होती, तर दिवसभर ती कुठे होती? हा प्रश्न मला पाय सुटल्यावर पडतो, मानेवरचा घाम वाळत असताना. पेटक्याच्या ऐन भरात कुठलाच प्रश्न पडत नाही. तेव्हा मी सगळीच्या सगळी पाय असते.

आजाराला तीन डॉक्टरांची नावं आहेत: शार्को, मारी आणि टूथ. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले झाँ-मार्तां शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी १८८६ मध्ये तो लिहून काढला. त्याच वर्षी केंब्रिजला हॉवर्ड टूथ नावाच्या तिशीतल्या डॉक्टरने आपल्या प्रबंधात तोच आजार मांडला. शार्को म्हणजे त्या काळी या विषयातला शेवटचा शब्द. पण दोष मज्जारज्जूत असावा, असा त्यांचा कल होता. टूथ म्हणाला, नाही, तो हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतच आहे. टूथचं बरोबर निघालं. मला या गोष्टीचा उगाचच आनंद होतो.

हा आजार साधारण अडीच हजार माणसांत एकाला असतो. म्हणजे लाखभर वस्तीच्या गावात चाळीस जणांना. मिरजेत इतकी वर्षं काढून घराबाहेरचं असं एकही माणूस मला भेटलेलं नाही. खरं तर भेटलं असणार. बाजारात पुढे चाललेल्या एखाद्याच्या पावलांचा फटफट आवाज ऐकून मी थबकलेही आहे. पण त्यांना ‘वात आहे’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘लहानपणी ताप आला होता’ असं काहीबाही सांगितलेलं असतं, आणि एवढ्या आयुष्यात तेवढं उत्तर पुरतं.

वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांनाही पुरलं. अण्णा तासगावच्या कोर्टात कारकून होते. गुडघ्यापर्यंत ठीक आणि गुडघ्याखाली एकदम काड्या, असे त्यांचे पाय. धोतर नेसायचे, त्यामुळे ते लपतही नसत. पोरं मागून नावं ठेवत. त्यांची चप्पल नेहमी बाहेरच्या कडेने झिजे, आतली बाजू मात्र नव्यासारखी. एसटी स्टँडजवळ चपला शिवणारे एक आजोबा बसत. मी सातवी-आठवीत असताना माझी चप्पल तुटली म्हणून एकटीच गेले, तर त्यांनी ती उलटी करून पाहिली, तळावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “कोर्टातल्या अण्णांची तू?” माझा पहिला निदान करणारा माणूस तो. पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचायला मला त्यानंतर बरीच वर्षं लागली, आणि त्यांनीही सांगितलं ते एवढंच, की जे अण्णांचं तेच तुमचं.

अर्थात त्यांनी आकडे दिले. हाताच्या, पायाच्या नसेला विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. माणसाच्या हातात तो सेकंदाला पन्नास मीटरच्या वर जातो. ३८ च्या खाली आला की नसेच्या वेष्टणाचा आजार धरतात. माझा आकडा विशीतला. मी घरी येऊन हिशोब केला: सेकंदाला वीस मीटर म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर. आमच्याकडच्या एसटीच्या मानाने वाईट नाही.

वेष्टण समजावून सांगताना प्रत्येक डॉक्टर कागदावर वायर काढतो. आत तांबं, वर रबर. नस म्हणजे तांबं, मायलिन म्हणजे रबर, तुमचं रबर खराब आहे. मला या वायरीचा कंटाळा आला होता, कारण तिने फक्त दिवस समजायचा: करंट पोचत नाही, म्हणून पाऊल उचलत नाही. रात्रीचं काय? तर आमच्या जुन्या वाड्यात माळ्यावरची वायर उंदरांनी कुरतडली होती. तिच्यावरचा दिवा मिणमिणायचा, आणि तिच्यातूनच मधूनमधून ठिणग्याही उडायच्या. एकाच जागी दोन्ही. पुण्यातल्या त्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, “बरोबर आहे, आजारी नस निरोप पोचवत नाही आणि न दिलेले निरोप पाठवत बसते.” पेटक्यात तेच होतं. स्नायूला कुणी काही सांगितलेलं नसतं. नसच सेकंदाला कितीतरी वेळा ‘आवळ, आवळ’ म्हणत सुटते, आणि स्नायू बिचारा आज्ञाधारक.

त्याहून मजेशीर गोष्ट मला पुढे रक्ततपासणीच्या कागदावर वाचायला मिळाली. माझ्या सतराव्या गुणसूत्रावरचा सुमारे पंधरा लाख अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला आहे. छापखान्यात एखादा फर्मा चुकून दोनदा बांधला जावा, तसा. त्या तुकड्यात पीएमपी-२२ नावाचं जनुक असतं. इतरांकडे त्याच्या दोन प्रती असतात, आईची एक, वडिलांची एक. माझ्याकडे तीन आहेत. त्या तिसरीमुळे एक प्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार होतं आणि त्या जास्तीमुळे वेष्टण बिघडतं. तुकडा दोनदा येतो हे १९९१ मध्ये कळलं. ह्यूस्टनच्या जेम्स लुप्स्कींच्या गटाला आणि त्याच वर्षी बेल्जियममधल्या एका गटालाही. लुप्स्कींना स्वतःलाही शार्को-मारी-टूथ आहे. पण गंमत अशी, की आपण शोधलेलं कारण त्यांना लागू नव्हतं. त्यांचं स्वतःचं कारण २०१० मध्ये, स्वतःचा सगळा जनुकसंच वाचून काढल्यावर, दुसऱ्याच एका जनुकात सापडलं.

मला मात्र ती तिसरी प्रत डोक्यातून जाईना. लहानपणापासून सगळे माझ्याबद्दल ‘कमी’ या हिशोबात बोलत आले होते. पायात जोर कमी, पोटऱ्या भरलेल्या नाहीत, धावण्यात कमी पडते, मुलगी चांगली आहे पण पायाने थोडी अधू. आणि मुळात काहीच कमी नव्हतं, एक पान जास्त होतं. दिवसाची ती कमी आणि रात्रीची ही जास्ती एकाच जागेतून निघत होती. त्याने पेटका काही सौम्य झाला नाही. पण लोकांच्या ‘अरेरे’ने मला पूर्वी जो राग यायचा, त्याला निदान कारण मिळालं: हिशोबच चुकीच्या बाजूने मांडला होता.

पोटरीत गोळा सगळ्यांनाच येतो. कुणी सांगितलं की “हो, मलाही काल आला होता”, तर मी मान डोलावते, कारण दुखणं तेच असतं. फरक सोडवण्यात आहे. तुमच्या पोटरीत गोळा आला की तुम्ही नकळत पाऊल वर खेचता. नडगीवरचा स्नायू आकसला की पोटरीला ढील देण्याचा निरोप मज्जारज्जूतूनच मिळतो. शरीरात ही सोय आहे. या आजारात लवकर जातो तो नेमका हाच पाऊल वर उचलणारा स्नायू. म्हणजे चोर घरात शिरतो तेव्हा कुलूप त्याच्याच खिशात असतं. मग हात वापरा म्हणाल, तर आजार पायांतून वर चढत पुढे हातांत येतो. माझ्या चिमटीत आता किल्ली फिरत नाही, लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही. या हातांनी वळलेली बोटं उलगडायची म्हणजे नुसता अभिनय. उभं राहून अंगाचा भार द्यावा तर अंधारात पाऊल नेमकं कुठे टेकलंय ते मला कळत नाही. तळव्याची जाणीव बोथट झाली आहे. डोळ्यांना पाय दिसला तरच तोल सांभाळता येतो. दुखतं मात्र लखलखीत. स्पर्श कळत नाही आणि वेदना कळते, याला कुणाकडे दाद मागायची?

थोडक्यात, मला दुसरं माणूस लागतं.

लग्न होऊन मिरजेला आले तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पायांचं सांगितलं होतं, दिसतच होतं, रात्रीचं नाही. नवरा रेल्वेत, मिरज जंक्शनला, आठवड्यातल्या बऱ्याच रात्री ड्यूटीवर. मग मी माजघरात सासूबाईंशेजारी झोपायची. पहिल्या हिवाळ्यात एका रात्री पेटका आला आणि मी उशीचा कोपरा तोंडात धरून पडून राहिले. नव्या सुनेने मध्यरात्री ओरडायचं म्हणजे काय! पण दात आवळून श्वास कोंडला तरी अंथरूण हलतंच. सासूबाई उठून बसल्या. दिवा लावला नाही. गोधडीखाली हात घालून माझं पाऊल चाचपलं आणि टाच तळहातात धरली.

मी घाबरून पाय ओढून घ्यायला लागले. “आई, नका, पायाला हात नका लावू.” सासूने सुनेचे पाय धरायचे हे माझ्या कल्पनेतही बसत नव्हतं. आपल्याकडे झोपेत चुकून कुणाला पाय लागला तरी माणूस हात लावून छातीला लावतो. मोठ्यांच्या पायांवर आपण वाकायचं, त्यांनी आपल्या नाही. त्या वेदनेतही मला त्याचंच पाप वाटत होतं.

सासूबाई कर्नाटकाच्या हद्दीवरच्या खेड्यातल्या. घरी म्हशी होत्या. त्या म्हणाल्या, “गप पड. रेडकं ओढून काढलीत मी ह्या हातांनी. तुझा पाय कसला घेऊन बसलीस!” आणि त्यांनी माझी टाच आपल्या मांडीवर ठेवली, पावलाचा पुढचा भाग पोटाशी घेतला, आणि हळूहळू पुढे वाकल्या. ओढलं नाही, हिसका दिला नाही, बोटांना तर हातही लावला नाही. नुसता अंगाचा भार, वाढत वाढत जाणारा, आणि मधेच थांबलेला. पेटका सुटतो तेव्हा एकदम सुटत नाही. आधी थरथर येते, मग बोटं थोडी सैल होतात, तेवढ्यात पुन्हा आवळतात, आणि इथे धरणाऱ्याने घाई केली तर सगळं पहिल्यापासून. त्यांनी घाई केली नाही. पुढे फिजिओथेरपिस्टने मला हेच शिकवलं: बोटं ओढायची नाहीत, चवडा रेटायचा, सावकाश, ताण धरून ठेवायचा. सासूबाईंना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. कदाचित रेडकांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीही विचारलं नाही. दुपारी फक्त मला जवळ बसवून माझ्या पायातली जोडवी काढली. माझी बोटं मधल्या पेरात वाकलेली, त्यात जोडवी रुततात. पेटका आला की चांदीचा वळसा मांसात बसतो. “पेटीत ठेव, सणावारी घाल,” म्हणाल्या. ऐंशीच्या दशकात सवाष्ण सुनेच्या पायातली जोडवी सासूने स्वतः काढायची, ही आमच्या गल्लीत बोलायची गोष्ट होती, आणि बोललीही गेली. त्यावर त्यांचं उत्तर एकच, “तिचा पाय मी धरते रात्री. तुम्ही येता का धरायला?” दिवाळीत पाडव्याला मी नमस्काराला वाकले तर म्हणाल्या, “राहू दे गं. काल रात्री मी तुझे धरले, आज तू माझे. फिटलं.”

नवऱ्यालाही त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा त्याने रेल्वेच्या माणसासारखा जोर लावला आणि मी किंचाळले. “रेट, ओढू नकोस,” सासूबाई दारातून म्हणाल्या. तो आता झोपेतच उठतो, डोळे न उघडता टाच धरतो, काम झालं की पुन्हा घोरतो. सकाळी त्याला आठवतही नाही. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव प्रेमप्रकरण असावं ज्यात दुसरी बाजू झोपेत असते.

उपायांचं म्हणाल तर ते आपल्याकडे न मागता मिळतात. केळी खा. पाणी कमी पितेस. मीठ कमी पडतं. तिळाचं तेल जिरव, ओव्याची पुरचुंडी शेक. शेक चांगलाच वाटतो, पण ज्या पायाला गरम कळत नाही त्याला शेकताना कातडी भाजली तरी पत्ता लागत नाही, म्हणून पुरचुंडी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी गालाला लावून बघायची हा आमच्या घरचा नियम. केळ्यांनी माझं काहीही झालेलं नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्याही घेऊन झाल्या. त्यांच्यावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन गटाने वयस्कर माणसांच्या पेटक्यांवर त्यांचा फारसा उपयोग होण्याची शक्यता नाही असं म्हटलं, तेव्हा मला हायसं वाटलं. म्हणजे दोष माझ्या श्रद्धेत नव्हता. एक मावशी वर्षानुवर्षं आवळ्याचा मोरावळा पाठवत असे. गंमत म्हणजे ती अगदीच वेडी नव्हती. क जीवनसत्त्वाने हा आजार असलेल्या उंदरांत सुधारणा झाल्याचं २००४ मध्ये दिसलं होतं. मग इटलीत आणि ब्रिटनमध्ये रुग्णांना दोन वर्षं रोज दीड ग्रॅम देऊन पाहिलं. २०११ मध्ये निकाल आला: फरक नाही. मोरावळा मी तरीही खाते, तो चांगला लागतो म्हणून.

अण्णा क्विनाईन घ्यायचे. मलेरियाच्या दिवसांतलं औषध, ओळखीच्या कंपाउंडरने दिलेलं. त्याने त्यांचे पेटके थोडे कमी व्हायचे हे खरं, आणि कानात सतत शिट्टी वाजायची हेही खरं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्ये पायातल्या पेटक्यांसाठी चिठ्ठीशिवाय क्विनाईन विकायला मनाई केली. पुढे आणखी कडक इशारे आले, कारण क्वचित का होईना, त्याने रक्तातल्या प्लेटलेट एकदम कोसळतात, हृदयाचे ठोके बिघडतात. औषध काम करतं आणि तरीही घेऊ नये, हे माणसाला पटवणं फार अवघड. माझा धाकटा भाऊ अजून दर हिवाळ्यात विचारतो, “ताई, अण्णांच्या त्या गोळ्या कुठे मिळतील गं?”

सगळ्यांत अजब उपाय मात्र लोणच्याच्या पाण्याचा. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण मुलांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने मुद्दाम पेटका आणला आणि साधं पाणी किंवा काकडीच्या लोणच्याचं खारं-आंबट पाणी पाजलं. पाण्याने पेटका दोन मिनिटांहून जास्त टिकला, लोणच्याच्या पाण्याने साधारण दीड मिनिटात गेला. इतक्या वेळात ते पाणी पोटातून रक्तात उतरणंही शक्य नव्हतं. म्हणजे मीठ भरून निघालं वगैरे काही नाही; तोंडाला, घशाला बसलेल्या झटक्यानेच मज्जारज्जूला काहीतरी कळवलं असावं, असा त्यांचा तर्क. मी हे वाचलं आणि माजघरातल्या खारातल्या कैऱ्यांची बरणी उशाशी आणून ठेवली. तेलातलं लोणचं नको, मिठाच्या पाण्यातलं हवं. दोन चमचे खार तोंडात गेला की चेहरा असा आक्रसतो, की क्षणभर पायाचा विसर पडतो. पण बरणीचं झाकण मला उघडता येत नाही हे आधी सांगितलंच आहे. आता तो खार स्टीलच्या वाटीत झाकून ठेवते. रक्तदाबाच्या डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

याहून खरा उपयोग झाला तो गोधडीच्या बाबतीत. उताणं झोपलं की अंगावरच्या पांघरुणाचा भार पावलांवर पडतो आणि ती खाली झुकतात. पोटरी आखडलेल्या अवस्थेत राहते, आणि अशा आखडलेल्या स्नायूला पेटका यायला निमित्त लागत नाही. माझं पाऊल तर आधीच लोंबणारं. आमच्याकडच्या गोधड्या म्हणजे चार जुन्या साड्या आणि एक चादर, वजन विचारू नका. मग पायाशी असं काहीतरी ठेवायचं ठरलं, की गोधडी त्यावर राहील आणि पाऊल मोकळं राहील. नवऱ्याने उत्साहाने सत्यनारायणाचा चौरंग आणला. पायाशी चौरंग? त्या दिवशी सासूबाई नव्हत्या, पण त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. शेवटी द्राक्षांचा प्लास्टिकचा क्रेट आणला. तासगावची मी, द्राक्षांनी माझी साथ सोडलेली नाही. क्रेटमुळे रात्री खरोखर बदलल्या. एवढी साधी गोष्ट कुठल्याच गोळीने केली नव्हती, आणि ती कुणी लिहूनही देत नाही.

लिहून देण्यावरून आठवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात जुनाट मज्जाविकारही येतात. प्रमाणपत्रासाठी बोर्डासमोर गेले तेव्हा डॉक्टर सभ्य होते. पाऊल वर करा, बाजूला करा, माझ्या हाताविरुद्ध दाबा, चालून दाखवा. प्रत्येक स्नायूचा जोर पाचपैकी किती ते लिहून घेतलं, बेरीज झाली, टक्के निघाले. मी विचारलं, रात्रीच्या पेटक्यांचं काही? त्यांनी फॉर्म खालपर्यंत वाचला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, इथे ताकद किती कमी झाली तेच विचारलंय.” त्या फॉर्मवर जास्तीला रकाना नव्हता. मी सही करून आले.

कोणत्या दिवसाची रात्र वाईट जाणार हे आता मला संध्याकाळीच कळतं. लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत उभं राहणं. देवळात बूट आणि त्यातला प्लास्टिकचा आधार काढून दगडी फरशीवर अनवाणी चालणं, तेही डिसेंबरात. पंगतीला मांडी घालून बसणं. आता मी सरळ खुर्ची मागते आणि यजमानीणबाईंचा चेहरा बघत नाही. शाळेत शिकवायची तेव्हा गॅदरिंगच्या रात्री ठरलेल्या. त्यावर इलाज म्हणून गॅदरिंग चुकवावं असं मला कधी वाटलं नाही, आणि कुणी सुचवलं तर चीड यायची. ज्या दिवसाची किंमत रात्री द्यायची आहे तो दिवस तरी चांगला निवडू द्या.

भाऊ इचलकरंजीत असतो, यंत्रमागाच्या धंद्यात. दिवसभर उभा. त्यालाही अण्णांचं पान मिळालंय. आईवडिलांपैकी एकाकडे ते असलं की प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. आमच्या घरी दोघांच्याही वाट्याला आलं. रात्री तीन वाजता माझा फोन उजळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच शब्द, “आला.” मी लिहिते, “कुठला?” “उजवा. तळवा.” मग दहा मिनिटं काही नाही. मग “गेला”, किंवा एखादी शिवी. कधी मीच आधी लिहिते. कुणाचा जास्त वाईट होता यावर आमचे वाद होतात, आणि त्याचा नेहमीच माझ्याहून वाईट असतो, कारण तो पुरुष आहे.

हातांत पकड नसलेल्या माणसाला स्वतःचं पाऊल ओढता यावं म्हणून पट्टा लागतो. माझी जुनी ओढणी घसरायची, टॉवेल जाड पडायचा. भावाने मागावर पट्टाच विणून घेतला. पहिला पॉलिस्टरचा, चवड्यावरून सटकला. दुसरा सुती, दोन इंच रुंद, मधे जरा खरखरीत, आणि दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढे फास. बोटांनी धरायचाच नाही. मनगटं अडकवायची आणि पाठीने मागे झुकायचं. इतकी नेमकी वस्तू मला आजवर कुठल्या दुकानात मिळालेली नाही. मी त्याला म्हटलं, याचा धंदा कर. तो म्हणाला, गिऱ्हाइकं दोन, तू आणि मी, आणि तू पैसे देत नाहीस.

त्याची मुलगी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहते. तपासणी करायची नाही असं तिने घरात ठणकावून सांगितलंय. तिचा निर्णय आहे. आम्ही दोघंही तिच्या चपलांकडे बघत नाही, निदान ती बघत असताना. गेल्या महिन्यात तिचा मला फोन आला. अभ्यासाचं, मेसच्या जेवणाचं बोलली, परीक्षा पुढे गेल्याचं सांगितलं. मग म्हणाली, “आत्या, बाबांनी तुला तो पट्टा करून दिलाय ना, तसला मलाही सांगशील? त्यांना नको सांगू माझ्यासाठी आहे म्हणून.” मी काही विचारलं नाही. तिची उंची मात्र विचारली, कारण ती माझ्याहून चांगली वीतभर उंच आहे आणि पट्टा त्या मापाने लांब हवा.

भावाला मी सांगितलं, मला आणखी दोन पट्टे हवेत, जरा लांब. तो म्हणाला, तुला लांब कशाला? मी म्हटलं, वय झालं, पाय लांब गेलेत. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दोन नको, तीन पाठवतो. होस्टेलवर वस्तू हरवतात.”